पारड्यावरचा हात

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. तुम्ही तो घेणार नाही हे ठाऊक आहे, तरी पत्राच्या डोक्यावर काहीतरी लिहावं लागतंच. माझा फोन तुम्ही उचलत नाही. बरोबर आहे. ज्या माणसाने तुमची बॅग उचलून जिन्यात नेऊन ठेवली, त्याचा फोन मीही उचलला नसता. एवढंच म्हणेन की बॅग मी हळू ठेवली होती. तुम्ही स्वयंपाकघरातल्या फळीवरचे माझे पावडरींचे डबे कचऱ्याच्या बादलीत लोटलेत, ते काही हळू नव्हतं.

असो. जुनी मढी उकरायला बसलेलो नाही. काम आहे म्हणून लिहितोय.

माझ्या पायात गोळे येतात. दिवसभर स्टुलावर बसून लोकांचे वजनकाटे दुरुस्त करायचे म्हणजे दुसरं काय होणार? मॅग्नेशियमचा एक प्रकार असतो, पोटाला कमी त्रास देणारा. नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं आहे. इथला औषधवाला म्हणतो, दुसऱ्या प्रकारचं घेऊन जा, सगळं एकच. सगळं एकच असतं तर देवाने एकच बाटली केली असती. तुमच्या शहरात मोठी दुकानं आहेत. तीन बाटल्या पाठवाल का?

तुमची धाकटी बहीण ठीक आहे. कंबर आणि डावी मांडी दुखते. हाडात शिरलेलं दुखणं ते, दुखणारच. डॉक्टरीणबाईंनी मागच्या आठवड्यात मॉर्फिन वाढवायला सांगितलं, दर वेळी एका गोळीऐवजी दोन. आम्ही बघतोय.

खुर्ची तिने कामाच्या खोलीच्या दारात ओढून घेतली आहे. मी काटे उघडतो आणि ती तिथून सूचना करते. चाळीस वर्षांत तिने एक स्क्रू फिरवलेला नाही, पण कुठला आटा गेलाय ते तिला आधी कळतं.

तुमचा,
(तुम्ही ‘जावईबापू’ म्हणायचात तोच)

ता. क. झिंकही मिळालं तर बघा. पायांसाठीच.


१५ फेब्रुवारी

ताई,

पार्सल मिळालं. मी मॅग्नेशियम मागितलं आणि तुम्ही मऊ सुती कापडाचे चार गाऊन पाठवलेत, मागून उघडणारे. वर एक रबरी चादर. आणि चिठ्ठीवर एवढंच: ‘पाय तुमचे नाहीत. दोन लिहिल्यात तर दोन द्या.’

मला राग आला. माणूस चालतंय-फिरतंय, खुर्चीत बसून माझी टिंगल करतंय, आणि तुम्ही त्याला अंथरुणातले कपडे पाठवता? गाऊन मी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकून दिलेत. तिला दाखवलेले नाहीत.

पण तुमच्याशी खोटं बोलण्यात अर्थ नाही. पायात गोळे नाहीत. बाटल्या तिच्यासाठीच हव्या होत्या. शेवटी औषधवाल्याकडूनच दुसऱ्या प्रकारचं आणलं.

आता माझं एकदा नीट ऐकून घ्या. त्या दिवशी तुम्ही ऐकलं नाहीत.

वजनाची स्प्रिंग असते ना, तिला आपल्या ताकदीपेक्षा जास्त भार रोज टांगला की ती बसते. मग भार काढला तरी शून्यावर येत नाही. माझ्या वस्तादांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, स्प्रिंग मारायची नसेल तर तिला विश्रांती दे. शरीराचंही तसंच आहे. आज एक गोळी पुरते, उद्या दोन लागतात, परवा चार. सवय होते आणि औषध बोथट होतं. आणि ताई, अजून खरं दुखणं यायचं आहे. तुम्ही इस्पितळात जन्म काढलात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आत्ताच सगळं वापरून टाकलं, तर त्या दिवशी मी तिला काय देऊ? फुंकर घालू?

मी वाचलंय. कॉम्प्युटरवाल्याकडून एकवीस पानं छापून आणली. मॅग्नेशियम, झिंक आणि आणखी दोन पावडरी दिल्या तर शरीराला सवय लागत नाही, औषध धारदार राहतं. प्रयोग उंदरांवर झालेत, हे तुम्ही म्हणाल. झालेत. उंदरांनी तक्रार केल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

मी सकाळी खलात सगळं बारीक करतो, माझ्या सोनाराच्या काट्यावर तोलतो, कागदाच्या पुड्या बांधतो. दिवसाच्या तीन. ती केळ्यात घालून घेते. चव विचारली तर म्हणाली, “चुना बरा.” पण घेते.

आणि वही ठेवली आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ मी तिला विचारतो, “किती?” शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. ती आकडा सांगते, मी लिहितो. डॉक्टरीणबाईंनीच ही रीत सांगितली होती. सुरुवातीला सात होता. काल सहा.

तुम्ही दर रविवारी तिला फोन करता तेव्हा मी शेजारीच बसलेला असतो. ती “बरी आहे गं” म्हणाली, ते तुम्ही तुमच्या कानांनी ऐकलंत. मग?


२७ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र तुम्ही बसून वाचा, कारण मी जरा फुशारकी मारणार आहे.

चार! तीन दिवस झाले, तिन्ही वेळा चार. सोबत वहीची नक्कल जोडली आहे. रेघ कशी उतरत आली आहे ते बघा. एवढी सरळ रेघ मी नव्या कोऱ्या काट्यावरही क्वचित पाहिली आहे. मॉर्फिनने तिचं पोट दगडासारखं झालं होतं, तेही मोकळं झालं. तुम्ही सांगितलेल्या त्या रेचकाने जे महिनाभर झालं नाही ते पुड्यांनी चार दिवसांत केलं. डॉक्टरीणबाईंना फोनवर आकडे वाचून दाखवले. म्हणाल्या, “छान, मग आहे तेच चालू ठेवा.” आहे तेच चालू ठेवलं आहे.

सोमवारी तिने केस धुऊन मागितले. मी धुतले. पाणी कानात गेलं म्हणून बोलणी खाल्ली. किती महिन्यांनी बोलणी खाल्ली, ताई. मला इतकं बरं वाटलं की मी मुद्दाम दुसऱ्या कानातही घातलं.

तेवढी एक गोष्ट, खुर्चीत आता ती बसत नाही. म्हणते, दारातून उजेड डोळ्यांत येतो. पलंगही तिने भिंतीकडे तोंड होईल असा फिरवून घेतला. मी काम करत असतो तेव्हा मला फक्त तिची वेणी दिसते. आणि घरात उंदीर झालेत. तिच्या उशीच्या अभ्र्याचा कोपरा पार कुरतडलाय, दुसऱ्या उशीचाही. पलंगाखाली पिंजरा लावला आहे. अजून काही सापडलं नाही. (त्या एकवीस पानांमधले सूड घ्यायला आले असतील, असं तिला म्हटलं. हसली.)

गुरुवारी बाजारातली माझी फेरी असते, दुकानादुकानांतले काटे तपासायची. मध्यंतरी तीन गुरुवार तिला सोडून गेलो नव्हतो. आता पुन्हा जायला लागलो आहे. तीच म्हणते, “जा, मोकळी हवा लागू दे तुम्हालाही.” शेजारची शिवणकामवाली अधूनमधून डोकावते.

तुम्ही एकदा कबूल करा की जावईबापूंना काहीतरी कळतं. पत्रात लिहायचं नसेल तर रविवारी फोनवर तिला सांगा. मी ऐकत असतोच.


९ मार्च

ताई,

हे पत्र दोनदा सुरू करून फाडलं. आता जसं सुचेल तसं लिहितो.

काल गुरुवार. फेरीला निघालो आणि कोपऱ्यावर आठवलं की प्रमाण वजनांची पेटी घरीच राहिली. चाळीस वर्षांत पेटी कधी विसरलो नव्हतो. परत आलो. जिन्यात असतानाच आवाज ऐकला. आधी वाटलं कुणाचं तरी जनावर कुठेतरी अडकलंय. मग कळलं की आवाज आमच्या दारामागून येतोय.

आत शिवणकामवाली पलंगावर बसली होती. हिला तिने मागून दोन्ही हातांनी धरलं होतं. हिच्या दातांत उशीचा कोपरा होता. त्या बाईच्या गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती. आणि हिने मला पाहिलं, उशी दातांतून काढली, तोंड पुसलं, आणि मी एक अक्षर विचारायच्या आत म्हणाली,

“चार.”



शिवणकामवालीने मला नंतर स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. “दर गुरुवारी असंच असतं हो. तुम्ही गेलात की त्या मोठ्याने रडून घेतात. मला म्हणतात, तुमचं शिवणयंत्र जोरात चालवा, म्हणजे खाली ऐकू जायचं नाही. तुम्हाला सांगू नका म्हणून हात धरून ठेवला होता माझा. मी परकी बाई, मी काय करणार?” आणि पोटाचं. पुड्यांनी पोट मोकळं झालं म्हणून मी तुम्हाला फुशारकीने लिहिलं. त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तिला जुलाब सुरू झाले होते. दिवसातून सहा-सात वेळा, त्या मांडीवर भार देत, भिंत धरत न्हाणीघरापर्यंत. मला म्हणायची, तोंड धुवायला जातेय. दोनदा ती तिथे पडली. तुमच्या गाऊनांपैकी एक शिवणकामवालीने कपाटातून शोधून तिला घातला होता. तुम्ही मागून उघडणारे का पाठवलेत ते मला काल कळलं.

आता मी लपवलेलं सांगतो. पुड्यांबद्दल तुम्हाला माहीत आहे. दोन गोळ्यांबद्दल नाही.

दोन मी कधी दिल्याच नाहीत. एकच देत राहिलो. डॉक्टरीणबाई समजत होत्या की दोन चालू आहेत आणि दोनवर तिला चार आहे. त्या ‘आहे तेच’ म्हणाल्या ते दोनला म्हणाल्या. मी गप्प बसलो. उरलेल्या गोळ्या कामाच्या खोलीत, प्रमाण वजनांच्या ड्रॉवरमध्ये, कापसात गुंडाळून ठेवल्या. खऱ्या दुखण्याच्या दिवसासाठी. आणि रविवारी अर्धीच द्यायचो. भार उतरवायचा दिवस, म्हणजे स्प्रिंगला विश्रांती. तुमचा फोन यायचा तो रविवार. “बरी आहे गं” ती अर्ध्या गोळीवर म्हणत होती, आणि मी शेजारी बसून मान डोलावत होतो.

मला शिव्या द्या. पत्रात द्या, फोनवर द्या. तुम्ही चिठ्ठीत आठ शब्दांत सांगितलं होतं.

पुड्या मी फेकून दिल्या आहेत. तुम्ही डबे टाकलेत त्याच बादलीत. डॉक्टरीणबाई उद्या घरी येणार आहेत.


११ मार्च

ताई,

डॉक्टरीणबाई आल्या. मी ड्रॉवर काढून त्यांच्यासमोर ठेवला. कापूस उलगडून त्यांनी गोळ्या मोजल्या. मला वाटलं ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत, त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“हे साठवायचं औषध नाही,” त्या म्हणाल्या. “आज जास्त लागलं तर आज जास्त देता येतं, उद्या आणखी लागलं तर उद्या आणखी. ते संपत नाही. शेवटासाठी मागे ठेवावं लागत नाही.”

मी म्हटलं, “पण त्याची सवय होते, ते बोथट होतं. मी वाचलंय.”

“थोडीफार सवय होते. पण त्यांचं औषध बोथट झालेलं नाही. दुखणं वाढलंय. मागच्या फोटोत आणि आत्ताच्या फोटोत फरक आहे, तो मी तुम्हाला दाखवला होता.”

दाखवला होता, ताई. मला आठवतंय. त्या पेनाने पांढरा डाग दाखवत होत्या आणि मी त्यांच्या पेनाचं टोपण बघत होतो.

आता तुम्हाला खरं सांगतो. हे मी तिलाही सांगितलेलं नाही. औषध बोथट झालं असेल, तर त्यावर माझ्याकडे काहीतरी होतं. खल होता, काटा होता, एकवीस पानं होती. दुखणंच वाढत असेल तर माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून मी ठरवून टाकलं की औषधच बोथट झालंय. आयुष्यभर बिघडलेली वस्तू समोर आली की उघडून बसलो. ही पहिली अशी आली की जिच्यात माझ्या हाताला काही लागत नाही, आणि ती माझ्याच घरात, माझ्याच पलंगावर.

मात्रा वाढवली. दोन नाही, त्याहून थोडं जास्त, हळूहळू चढवायचं आहे. पोटासाठी तुमचं ते जुनं रेचकच पुन्हा लिहून दिलं. पुड्यांबद्दल डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, “विचारून द्यायला हव्या होत्या.” दुपारी ती झोपली. तोंड उघडं टाकून, घोरत. मी पलंग पुन्हा दाराकडे फिरवायचा विचार केला, पण तिला हलवायची भीती वाटली. मीच माझं स्टूल भिंतीच्या बाजूला नेलं आणि तिच्या तोंडासमोर बसून राहिलो. काम आणलं नाही.

उठली तेव्हा मी तिला विचारलं, “का केलंस असं? आकडे खोटे का सांगितलेस?”

तिने उशी डोक्याखाली नीट केली. मग म्हणाली, “तुम्ही सकाळी पुड्या कुटताना गुणगुणत होतात. हे सगळं सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. मी सात म्हटलं की तुमचं गुणगुणणं बंद व्हायचं. मग सहा म्हटलं. मग गंमतच झाली, तुम्ही जेवायला लागलात.”

वस्तादांनी मला काटे शिकवायला सुरुवात केली तेव्हा पहिला धडा हातांचा होता. काटा वाचताना दोन्ही हात पाठीमागे धरायचे. पारड्याला नकळत बोट लागलं तरी वजन खोटं येतं. मी चाळीस वर्षं हात मागे धरून काटे वाचले. अंगठा दाबणारे दुकानदार मी लांबून ओळखतो, बाजारात मला वचकून असतात. आणि घरात मी पारड्यावर अख्खा हात ठेवून उभा होतो, आणि जो आकडा आला तो वहीत उतरवत होतो.

संध्याकाळी गोळीची वेळ झाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की आता आकडा खरा हवा, त्यावरच मात्रा ठरणार. कमी सांगितला तर पुन्हा कमी पडेल. मी वही घेतली. तिच्याजवळ गेलो. हात पाठीमागे धरले, खरंच धरले, मुलासारखे. चेहरा शक्य तेवढा कोरा केला आणि विचारलं, “किती?”

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू, समजूत काढावी तशी म्हणाली,

“तुम्हाला किती हवाय?”

ताई, ती टोमणा मारत नव्हती. तुम्ही ओळखता तिला, टोमणा मारते तेव्हा उजवी भुवई वर जाते. भुवई गेली नाही. ती खरंच विचारत होती. मी रडायला लागलो तर लगेच म्हणाली, “बरं, तीन. तीन लिहा.” आणि तिचा हात चादरीखाली मांडी दाबून धरत होता.

मी तीन लिहिला नाही. वही कोरी आहे. मी आता कितीही हात मागे धरले तरी ती मला खरा आकडा सांगणार नाही. सांगता येत नाही तिला. मी समोर आलो की ती माझं दुखणं आधी मोजते. शिवणकामवालीला विचारायला लावलं, तर तिलाही “चार” म्हणाली, कारण मी दाराशी उभा होतो.

तुम्ही नेहमी एक गोष्ट सांगायचात. लहानपणी ही झाडावरून पडली, कोपर मोडलं, आणि घरात कुणापुढे रडली नाही. तुम्ही शाळेतून येईपर्यंत हात पोटाशी धरून बसून राहिली. तुम्ही दारात दिसलात तेव्हा भोकाड पसरलं. त्या वेळी मी हसायचो त्या गोष्टीला.

तुमच्या दर रविवारच्या फोनला मी शेजारी बसलो. तुम्हाला आणि तिला पाच मिनिटं एकटं सोडलं नाही. ते माझ्या आत्ता लक्षात येतंय.

तुम्ही या. माझ्यावरचा राग बाजूला ठेवून या असं म्हणत नाही, राग घेऊनच या. दार मी उघडेन. बॅग मी आत आणून ठेवेन. मग तुम्ही दार आतून लावून घ्या आणि तिला विचारा. ती जो आकडा सांगेल तो डॉक्टरीणबाईंना कळवा. मला नाही सांगितलात तरी चालेल.

मी बाहेर जिन्यात बसलेला असेन. तुमची बॅग ठेवली होती, त्याच पायरीवर.